‘ते’ गाळू नका

एकोणिसाव्या शतकातला इंग्रज कवी-चित्रकार एडवर्ड लिअर याच्या लिमरिकमध्ये, म्हणजे पाच ओळींच्या गमतीदार कवितेत, शेवटची ओळ पहिल्या ओळीकडेच परत येते, म्हणून ती वाया जाते, हे लिमरिकवरच्या एका लेखातलं म्हणणं अजिबात पटलं नाही. गावाचं नाव परत येतं खरं, पण कधी कधी तोवर माणूस संपलेला असतो! त्याच्या एका लिमरिकमध्ये व्हाइटहेवनचा म्हातारा डोमकावळ्याबरोबर नाचतो. तिसऱ्या-चौथ्या आखूड ओळींत ‘ते’, म्हणजे आजूबाजूचे लोक, म्हणतात, या पाखराला असं चढवून ठेवणं म्हणजे मूर्खपणा. पाचवीत ‘ते’ त्याला ठेचून टाकतात. आधी बोल, लगेच घाव, मधे श्वास घ्यायलाही जागा नाही. आणि लिअरनेच काढलेल्या चित्रात दोघं अजून नाचतायत. ते चित्र गाळून नुसती कविता छापली की निम्मा परिणाम गेलाच.

मराठी अनुवाद नेमका या ‘ते’पाशी फसतो. आपल्याकडे ‘म्हाताऱ्याला ठेचलं’ एवढ्यावर वाक्य पुरं होतं, कर्ता लागतच नाही आणि मारणारे अलगद सुटतात. तिथे ‘चार लोकांनी’ घाला; ‘चार लोक काय म्हणतील’मधलेच ते चार. ओळ लांबली तर विशेषण कापा, कर्ता नको. क्रियापदही ‘ठेचलं’च ठेवा, ‘मारलं’ म्हटलं की एखादी थप्पडही चालून जाते.