राजकीय पत्रकार व्हायला गोवा सोडावा लागत नाही

पत्रकारितेला जाणाऱ्या मुलांच्या ग्रुपवर फिरणारा एक संदेश भाचीने मला पाठवला. ‘राष्ट्रीय दैनिकात राजकीय पत्रकार व्हायचं तर गोवा सोडा. दोन खासदारांच्या राज्यात बातमी नसते. मराठीतून शिकलेल्याला तिथे विचारत नाहीत. आणि शेवटी सगळं ओळखीवर चालतं.’ पणजीत राहून मी बरीच वर्षं राष्ट्रीय दैनिकासाठी लिहिलं, म्हणून उत्तर देतोय.

लोकसभेचे खासदार दोनच, खरं आहे. पण 2017 ला 40 जणांच्या विधानसभेत काँग्रेसच्या 17 आणि भाजपच्या 13 जागा आल्या, सरकार मात्र भाजपचं बनलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि 16 मार्चला बहुमत चाचणी झाली. पुढे जुलै 2019 मध्ये काँग्रेसच्या 15 पैकी 10 आमदार भाजपमध्ये गेले, आणि नव्या विधानसभेत, सप्टेंबर 2022 मध्ये, 11 पैकी 8. हे आकडे असेच आले नाहीत. घटनेच्या दहाव्या परिशिष्टानुसार, म्हणजे पक्षांतरबंदी कायद्यानुसार, अपात्रता टाळून दुसऱ्या पक्षात विलीन व्हायचं तर दोन-तृतीयांश आमदार लागतात. पंधराचे दोन-तृतीयांश दहा. अकराचे सातपेक्षा थोडे जास्त, म्हणजे आठ. दोन्ही वेळा अगदी लागतील तेवढेच गेले!

2019 च्या त्या संध्याकाळी वहीच्या मागच्या पानावर पंधरा नावं लिहून मी एकेकापुढे खूण करत होतो. नऊ खुणा झाल्या तरी बातमी पाठवता येत नव्हती. डेस्कवरून फोनवर फोन येत होते आणि मी ‘थांबा’ म्हणत होतो. दहाव्याची खात्री झाली तेव्हाच पहिली ओळ लिहिली. पक्षांतरबंदी कायदा व्यवहारात कसा चालतो, हे मी पर्वरीत, गोव्याच्या विधानसभेत शिकलो.

मराठीचं म्हणाल तर तिच्यामुळे माझं काम अडलं नाही, उलट सोपं झालं. आमदार सभागृहात कोकणी-मराठीत बोलतात, रविवारच्या ग्रामसभेत भांडण होतं तेही याच भाषांत. गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा का यावरच्या 1967 च्या जनमत कौलात ‘दोन पानं’ (वेगळं राहण्याची खूण) जिंकली आणि ‘फूल’ (विलीनीकरणाची खूण) 34,021 मतांनी हरलं, त्याची सल पेडण्यात, डिचोलीत जुनी माणसं अजून मराठीतच सांगतात. इंग्रजीत बातमी लिहिणं हे शिकण्याचं काम आहे. पहिल्या वर्षी माझ्या बातम्या लाल होऊन परत यायच्या. वर्षभराने कमी येऊ लागल्या.

ओळखी लागतात, नाकारत नाही. पण ओळखीचा माणूस फार तर काय शोधायचं ते सांगतो. छापायला उमेदवाराचं प्रतिज्ञापत्र, सभापतींचा आदेश, न्यायालयाचा निकाल हातात लागतो, आणि हे कागद कुणालाही मिळतात.

खरी अडचण संदेशात आलेलीच नाही, ती म्हणजे पैसा. राज्यातला माणूस पुष्कळदा स्ट्रिंजर असतो, छापून आलेल्या बातमीमागे मानधन मिळतं. दोन दिवस फिरून आणलेली बातमी जागेअभावी गळली की त्या दोन दिवसांचं पेट्रोलही आपलंच. भाचीला मी एवढंच कळवलं आहे: मुलाखतीला गेलीस की नेमणूक पगारी आहे की बातमीमागे, हे आधी विचार, आणि ते लेखी घे.