‘वय अधिक 100’ हे नॉर्मल बीपी नाही

परत तोच मेसेज फॅमिली ग्रुपवर फिरतोय. वय अधिक 100 एवढं वरचं बीपी नॉर्मल, मशीन दर वेळी वेगळा आकडा दाखवतं म्हणजे खोटं, अमक्याचे आजोबा 180 घेऊन नव्वदी पार करून गेले, तेव्हा गोळ्या बंद करा. आमच्या आत्याने वाचून खरंच गोळी बंद केली, म्हणून लिहायला बसलोय.

सगळ्यात घातक तो पहिला मुद्दा. ह्या हिशोबाने ऐंशीच्या माणसाला 180 चालतं! वयानुसार रक्तवाहिन्या कडक होतात, वरचं बीपी बहुतेकांचं चढतं, एवढं खरंय. पण बहुतेकांचं असतं म्हणून ते चालतं असं कुठाय, मोतीबिंदूही पुष्कळांना होतो, तो कोणी तसाच ठेवतं का? आणि हे नीट तपासून झालंय. हायव्हेट नावाची चाचणी, 2008 ला न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापून आली. ऐंशी आणि पुढचे 3845 लोक, वरचं बीपी सरासरी 173, म्हणजे मेसेजप्रमाणे एकदम नॉर्मल. चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडले, एकाला खरी गोळी, दुसऱ्याला तशीच दिसणारी औषध नसलेली, कोणाला कुठली ते पेशंटलाही माहीत नाही न् डॉक्टरलाही. खऱ्या गोळीवाल्यांत मृत्यू 21 टक्के कमी, हार्ट फेल्युअर 64 टक्के कमी. फायदा एवढा उघड दिसला की चाचणी मुदतीआधीच थांबवावी लागली. अजून काय पुरावा पाहिजे?

मशीनचं अर्धं खरंय, बीपी सारखं वरखाली होतंच. म्हणून तर पाच मिनिटं शांत बसून, पाठ टेकून, हात टेबलावर ठेवून दोनतीनदा मोजायचं न् सरासरी धरायची. खरी भानगड पट्ट्याची आहे, जिचा मेसेजमध्ये पत्ताच नाही. दंड जाड आणि पट्टा लहान असेल तर आकडा दर वेळी जास्तच येतो, 2023 च्या एका अमेरिकन अभ्यासात एक्स्ट्रा लार्ज पट्टा लागणाऱ्यांना नेहमीचा बांधला तर वरचं बीपी जवळजवळ 20 ने फुगलं. अशी एकाच बाजूला झुकलेली चूक शंभरदा मोजून सरासरी काढली तरी जात नाही, पट्टाच बदलावा लागतो.

आजोबांचं म्हणाल तर 180 वाले जे पन्नाशीतच स्ट्रोकने गेले त्यांचे किस्से कोणी फॉरवर्ड करत नाही, उरले तेवढेच मोजले जातात.

म्हाताऱ्या माणसांना उठताना चक्कर येत असेल तर मात्र गोळी कमी करायचं ते खरं कारण असू शकतं. बसून मोजा, मग उभं राहून मोजा, दोन्ही आकडे लिहून डॉक्टरांना दाखवा आणि डोस त्यांना ठरवू द्या.