बंबाला टेकून झोपलेला तो मीच

चार दिवसांपासून तालुक्यातल्या सगळ्या ग्रुपवर एक फोटो फिरतोय. बंबाच्या चाकाला टेकून चौघं फायरमन झोपलेत. खाली मजकूर: ‘फुकटचा पगार! आग विझल्यावर येतात, टाकीत पाणी नसतं, सिलेंडर पेटलं तरी बघत उभे राहतात. बाकी दिवस पत्ते कुटायचे.’ फोटो खरा आहे. डावीकडून पहिला मी.

आधी पाण्याचं बोलू, कारण शिव्या त्याच्याच जास्त खाव्या लागतात. मोठ्या बंबात साधारण ४,५०० लिटर पाणी मावतं. एक पाइप मिनिटाला ४५० लिटर फेकत असेल, तर दहा मिनिटांत टाकी खलास. दोन पाइप लावले तर पाच. मग ‘रिकामाच बंब आणला’ म्हणायला लोक मोकळे. शेजारी विहीर होती की, असंही ऐकवतात. अहो, काठावरचा पंप फार तर सात-आठ मीटर खालचं पाणी ओढतो. ते हवेच्या दाबाचं गणित आहे, पंप कितीही भारी आणा. आमच्याकडं उन्हाळ्यात पाणी पन्नास-साठ फुटांवर गेलेलं असतं. शेतकऱ्याची मोटार लावावी तर लाईट नसते. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तो हा मुलूख.

उशीर होतो, हे कबूल. गाड्या कमी, तालुका मोठा. साडेचार टन पाणी घेऊन तीस किलोमीटरवरच्या शेतातल्या आखाड्यावर पोचेपर्यंत कडब्याची गंजी राख झालेली असते. पण आगीची वर्दी देणाऱ्यानंही आधी व्हिडिओ काढलेला असतो, अन् पत्ता काय, तर ‘पाटलाच्या मळ्याजवळ’. गावात पाटलांची घरं बारा.

सिलेंडरचा जाळ आम्ही मुद्दामच लगेच विझवत नाही. गळती बंद न करता जाळ विझवला, तर गॅस निघतच राहतो. हवेपेक्षा जड असल्यानं तो जमिनीलगत पसरतो, आणि एक ठिणगी पडली की घरच उडतं. म्हणून सिलेंडरवर पाणी मारून ते थंड ठेवायचं आणि जमेल तेव्हा व्हॉल्व्ह फिरवायचा. लांबून ते बघत उभं राहणंच दिसतं.

पत्ते? खेळतो की, रात्री कधीमधी. सकाळी मात्र गाडी चालू करून पंप तपासायचा, ओले पाइप वाळत घालायचे. ओलेच गुंडाळले तर कुजतात. विहिरीत पडलेली म्हैस काढायलाही आम्हीच, गणपती विसर्जनाला काठावरही आम्हीच. १४ एप्रिलला सकाळी मुंबई गोदीत १९४४ च्या स्फोटात गेलेल्या अग्निशमन दलाच्या ६६ जवानांना मानवंदना, अन् संध्याकाळी जयंतीच्या मिरवणुकीत बंदोबस्त.

राहिला फोटो. तो आग लागलेल्या जिनिंगच्या, म्हणजे कापसाच्या कारखान्याच्या, आवारातला आहे. कापसाची गाठ वरून विझते, पोटात धुमसतच राहते. एकेक गाठ ओढून काढायची, फोडायची, पसरून भिजवायची. आम्ही आदल्या दुपारी चारला पोचलो होतो. फोटो पहाटे पाचचा. साडेसहाला मागच्या थप्पीतून पुन्हा धूर निघाला, तेव्हा फोटो काढणारा घरी जाऊन झोपला होता.