‘कट्’ आवाज आला म्हणजे मणका बसला असं नाही

‘मणका सरकल्यामुळेच कंबर दुखते. परदेशात सिद्ध झालेल्या ऑस्टिओपॅथीने एका बैठकीत कट् आवाज येतो आणि मणका जागेवर बसतो. तपासण्या नकोत, गोळ्या नकोत, व्यायाम बंद. दुष्परिणाम शून्य.’ हाताने दाबून, ताणून, झटके देऊन मणके-सांधे हलवायच्या या उपचाराचा हा फॉरवर्ड भजनी मंडळाच्या ग्रुपवरून लालबागच्या माझ्या मावशीकडे आला आणि तिने दादरच्या एका केंद्रात नावही नोंदवलं. मावशी 68 वर्षांची, हाडं ठिसूळ झाल्याचं निदान झालेली. म्हणून हे तातडीने लिहितेय.

सगळ्यात घातक आहे ते ‘तपासण्या नकोत’. साध्या कंबरदुखीत लगेच एमआरआय काढायची गरज नसते, एवढं खरं. पण अंगाला हात लावण्याआधी डॉक्टरांनी विचारपूस करून तपासायलाच हवं. मुंबईत टीबी घरोघरी माहीत आहे. तो मणक्यालाही होतो, आणि त्याची सुरुवात नुसत्या पाठदुखीने होऊ शकते. संध्याकाळी ताप, वजन उतरणं, रात्री झोपेतून उठवणारी कळ असेल तर त्या पाठीवर कुणालाही झटके देऊ देऊ नका. ठिसूळ मणका जोराच्या दाबाने मोडू शकतो. आणि मांड्यांच्या आतल्या बाजूला, बसायच्या जागी बधिरपणा आला, लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, तर थेट कॅज्युअल्टी गाठा. तिथे उशीर झाला तर पाय आणि लघवीवरचा ताबा कायमचा जाऊ शकतो. ‘दुष्परिणाम शून्य’ लिहिणाऱ्याने यातलं एक अक्षर सांगितलेलं नाही.

‘परदेशात सिद्ध’ म्हणतात, तर परदेशातलंच बघू. पॅरिसमध्ये कंबरदुखीच्या 400 रुग्णांवर चाचणी झाली. 2021 मध्ये ती ‘जामा इंटर्नल मेडिसिन’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. निम्म्यांना खरी ऑस्टिओपॅथी, निम्म्यांना उपचाराचा देखावा म्हणून नुसता हलका स्पर्श. दोन-दोन आठवड्यांनी, एकूण सहा बैठका. तीन महिन्यांनी, हालचालींतली अडचण मोजणाऱ्या 100 गुणांच्या मापावर पहिल्या गटाची अडचण 4.7 गुणांनी कमी झाली, दुसऱ्याची 1.3 ने. दुखण्यात म्हणण्यासारखा फरकच नाही. अडचणीतला हा फरकही रुग्णाला जाणवण्याइतका नसावा, असं संशोधकांनीच लिहिलंय. सहा बैठकांत ही गत, आणि हे एका बैठकीची हमी देतात!

मान्य करायचंच तर इतकं, की 2013 मध्ये टेक्सासच्या एका चाचणीत निकाल जरा बरे आले होते, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या 2023 च्या मार्गदर्शक सूचनांत जुनाट कंबरदुखीसाठी मणक्यावरचे हस्तोपचार एक पर्याय म्हणून आहेत. पण त्याच सूचनांत व्यायामही आहे, जो हा फॉरवर्ड बंद करायला सांगतो.

कट् आवाज सांध्यातल्या द्रवात वायूच्या पोकळीमुळे येतो, बोटं मोडताना येतो तसाच. मणका खरोखर पुढे सरकण्याचा आजार वेगळा; तो एक्सरेत दिसतो आणि हाताने ढकलून मागे जात नाही.

मावशीचं दादरचं नाव काढून टाकलंय. गोळ्या चालू राहतील, आणि फिजिओने शिकवलेले व्यायामही.