मॉडेल इंजिन सांध्यावर मेलं, परत!

चार चाकं. मोजून चार! रस्टन अँड हॉर्न्सबी या ब्रिटिश कंपनीचं ४८ अश्वशक्तीचं शंटिंग इंजिन मला प्राणप्रिय. जेमतेम सात-आठ टनांचं, साखळीवर चालणारं, कारखान्याच्या आवारात दोन-चार वाघिणी (मालडबे) इकडून तिकडे ढकलणारं. पण त्याचं १:७६ प्रमाणातलं मॉडेल चाकांतून रुळांची वीज घेऊन पळतं; ते सांध्यावर, म्हणजे एका मार्गाच्या दोन वाटा होतात तिथे, आलं की संपलंच! सांध्याच्या मधला तुकडा प्लास्टिकचा, तिथे वीज नाही. एक्स्प्रेसच्या लांबलचक इंजिनाला डझनभर चाकं, ते आरामात ओलांडतं. हे बुटकं तिथेच ठाण मांडतं.

यावर लोकांचा सल्ला? ‘वेग वाढवा’ म्हणे! अहो, शंटिंगचं इंजिन सुसाट पळवायचं असतं का? रूळ स्पिरिटने पुसा, चाकं पुसा, लगेच पुन्हा काजळी. काही मॉडेलांना तर वीज उचलायला मागे एक सपाट वाघीण देतात. म्हणजे इंजिनाला एकटं फिरायची सोयच नाही. (दिसतंही भयाण.)

वर सल्ला काय, तर मधला तुकडा धातूचा असलेले सांधे बसवा आणि त्यांना वीज द्या. देतो की! रूळ मांडलेल्या पाटाखालचं सगळं वायरिंग उपसायला तुम्ही येताय ना?