भुयारी मेट्रो ‘मृत्यूचा सापळा’? एकेक दावा तपासू

फोनवर एक संदेश फिरतोय: ‘भुयारी मेट्रो म्हणजे मृत्यूचा सापळा. भूकंपात बोगदा कोसळतो, वीज गेली की श्वास कोंडतो, आग लागली तर पळायला वाट नाही, पाऊस पडला की बोगदा भरतो.’ माणसं घाबरून तो पुढे पाठवतात. भीती समजते, पण चारही गोष्टी एकाच मापाने मोजता येत नाहीत.

‘भूकंपात बोगदा कोसळतो.’ इमारत झोके खाते, कारण पाया हलतो आणि वरचं वजन मागे राहतं. चहूबाजूंनी जमिनीत बसलेला बोगदा जमिनीबरोबरच हलतो. १९८९ च्या भूकंपात सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीवरच्या पुलाचा तुकडा कोसळला, पूल महिनाभर बंद राहिला. त्याच खाडीखालच्या नळीतून गाड्या साधारण १२ तासांत पुन्हा धावल्या. १९९५ मध्ये कोबेचं दाइकाई स्थानक मात्र खचलं, हे लपवू नये. ते वरून खणून बांधलेलं उथळ स्थानक होतं आणि मधल्या खांबांतल्या रिंगा, म्हणजे उभ्या सळ्यांना आवळून धरणाऱ्या लोखंडी कड्या, अपुऱ्या होत्या. दोष बांधणीचा होता.

‘वीज गेली की श्वास कोंडतो.’ नाही. बोगदा म्हणजे बंद डबा नव्हे. तो स्थानकांना आणि वर जमिनीवर उघडणाऱ्या हवेच्या विहिरींना जोडलेला असतो. उकाडा वाढतो, जीव घाबरा होतो, हे खरं. म्हणूनच वीज एकाहून अधिक ठिकाणांहून घेतात आणि आणीबाणीचे दिवे बॅटरीवर ठेवतात.

‘आग लागली तर वाट नाही.’ हा दावा करणाऱ्यांना दक्षिण कोरियातलं देगू आठवत असेल. २००३ मध्ये एकाने डब्यात आग लावली आणि १९२ जण गेले. पण त्यातले बहुतेक जण पेटलेल्या गाडीतले नव्हते, तर समोरून स्थानकात आलेल्या दुसऱ्या गाडीतले होते. ती गाडी आत येऊ दिली गेली, आणि चालक किल्ली काढून निघून गेल्यावर दारं बंद राहिली. डब्यांतलं सामानही भराभर पेट घेणारं होतं. आज आतलं सामान सहज न पेटणारं वापरतात. बोगद्यातले पंखे दोन्ही दिशांना फिरतात, म्हणजे धूर एकीकडे ढकलून माणसांना दुसरीकडून काढता येतं. अमेरिकेतल्या मानकाप्रमाणे फलाट ४ मिनिटांत रिकामा व्हावा लागतो, आणि शेजारच्या दोन बोगद्यांना जोडणाऱ्या आडव्या वाटांमधलं अंतर २४४ मीटरपेक्षा जास्त चालत नाही.

उरला पाऊस. इथे संदेशाला खरंच आधार आहे. २० जुलै २०२१ ला चीनमधल्या झेंगझोऊत एका तासात २०१.९ मिलिमीटर पाऊस झाला आणि मेट्रोतले १४ प्रवासी दगावले. पण पाणी छतातून ठिबकून आलं नाही. गाड्या उभ्या करायच्या यार्डाची भिंत पडली आणि लोंढा तिथून बोगद्यात घुसला. बँकॉकमध्ये भुयारी स्थानकात उतरण्याआधी पायऱ्या चढाव्या लागतात, ते याच धोक्यापायी. मात्र दारं उंच करून यार्डाकडून बोगद्यात उतरणारा उतार उघडा ठेवला, तर काय उपयोग? झेंगझोऊच्या चौकशीत आणखी एक गोष्ट निघाली: गाड्या वेळेवर थांबवल्या नव्हत्या.

तेव्हा मेट्रोवाल्यांना जाब विचारायचाच असेल तर हा विचारा: उतारावरची भिंत किती पावसाला धरून बांधली आहे, आणि गाड्या थांबवायचा हुकूम कोण देतो, पाणी कुठवर आल्यावर?