ओट्स कच्चे नाहीत, सल्ला कच्चा आहे

‘रात्री भिजवून सकाळी न शिजवता ओट्स खाणाऱ्यांनो, सावधान!’ अशा सुरुवातीचा एक लांबलचक मेसेज या ग्रुपवरून त्या ग्रुपवर फिरतो आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: हे कच्चं धान्य आहे, ते पचत नाही, शिजवूनच खावं. त्यातलं फायटिक आम्ल शरीरातलं लोह आणि कॅल्शियम ओढून घेतं. थंड ओट्सने रक्तातली साखर भडकते. फ्रीजमध्ये ते ‘मृत’ होतात, म्हणून खायचेच असतील तर लिंबू पिळून रात्रभर बाहेर ठेवा. आणि मुळात हे सगळं सोशल मीडियाने काढलेलं फॅड आहे. या पाच दाव्यांतला एक अर्धामुर्धा खरा आहे, बाकीचे चुकीचे. पण चुकांमध्येही फरक असतो. तीन चुकांनी फार तर एक चांगला नाश्ता हातचा जाईल. चौथी, जी उपाय म्हणून सांगितली आहे, ती माणसाला आजारी पाडू शकते.

‘कच्चं धान्य आहे, पचत नाही’

बाकीची इमारत याच पायावर उभी आहे, म्हणून इथे जरा थांबू.

ओटच्या दाण्याला कडक टरफल असतं. ते काढलं की आतला दाणा हाती येतो. त्यात इतर धान्यांच्या मानाने मेद बराच, साधारण ७ टक्के, आणि त्याच दाण्यात मेद फोडणारं लायपेझ नावाचं एन्झाइमही भरपूर. दाणा अखंड आहे तोवर या दोघांची गाठ पडत नाही. तो चिरडला की पडते, मेदाम्लं सुटी होतात आणि थोड्याच दिवसांत माल कडू, खवट लागायला लागतो. म्हणजे खरोखरच कच्चे ओट्स चपटे करून पाकिटात भरले, तर ते महिनोन्‌महिने टिकणारच नाहीत. यावरचा कारखान्यातला उपाय म्हणजे वाफ. टरफल काढलेले दाणे वाफेवर जवळपास १०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात, काही वेळ त्या उष्णतेत ठेवतात आणि मग कोरडे करतात. रोलरखाली घालण्याआधी पुन्हा एकदा वाफ देतात, कारण कोरडा दाणा दाबला तर त्याचा भुगा होतो, ओलसर मऊ दाण्याची मात्र सपाट पाकळी निघते. पाकिटात दिसते ती ही पाकळी. ती अशी दोनदा वाफेतून गेलेली असते, त्यामुळे तिला कच्ची म्हणणं हे सापसाप म्हणून भुई धोपटणं झालं.

रात्रभरात मग काय होतं? पाकळी द्रव पिते, बस. सकाळी बरणीतली एक पाकळी चिमटीत धरून दाबून बघा. कडा जेलीसारख्या, जवळजवळ पारदर्शक झालेल्या असतात आणि मध्ये किंचित दाताला लागेल असा गाभा उरलेला असतो. चमचा वर उचलला की सुटणारी बुळबुळीत तार म्हणजे बीटा-ग्लुकन, ओट्समधला विरघळणारा तंतू. ओट्सची जी काही ख्याती आहे ती मुख्यतः याच्यामुळे. दिवसाला ३ ग्रॅम बीटा-ग्लुकन पोटात गेलं तर, एकूण आहारात संपृक्त मेद कमी असताना, कोलेस्टेरॉल थोडं उतरतं. हा दावा पाकिटावर छापायला अमेरिकेच्या एफडीए या अन्न-औषध नियामक संस्थेने १९९७ मध्येच परवानगी दिली. ४० ग्रॅम ओट्समध्ये ते दीड-दोन ग्रॅमच्या आसपास असतं. तेव्हा एका बरणीने हृदयरोग पळतो असं सांगणाऱ्या मेसेजवरही विश्वास ठेवू नका. तोही फिरतोच आहे.

आता पचनाबद्दल. शिजवलेल्या ओट्सचा स्टार्च पूर्ण फुलतो आणि लवकर पचतो. भिजवलेल्यांचा तेवढा फुलत नाही, म्हणून त्यांना वेळ लागतो. ‘उशिरा पचतं’ आणि ‘पचत नाही’ यांत बरंच अंतर आहे. ज्यांचं पोट खरंच फुगतं त्यांना मी खोटं पाडत नाही. फक्त त्याचं कारण कच्चेपणा नसून बहुतेक वेळा तंतू असतो. ४० ग्रॅम ओट्समध्ये सुमारे ४ ग्रॅम, वर चिया आणि फळं घातली की ते सहज दुप्पट. आतड्यातल्या जंतूंना एकदम एवढा खुराक मिळाला की वायू होणारच. पहिला आठवडा अर्ध्या मापाने सुरू करावा, पाणी पुरेसं प्यावं. अखंड दाण्याचे तुकडे करून विकतात ते स्टील-कट ओट्स मात्र या पद्धतीला फारसे जमत नाहीत. रात्रभरानंतरही ते कचकचतात. इन्स्टंट ओट्सचा उलट चिखल होतो. मधले, जाड पाकळीचे रोल्ड ओट्स घ्यावेत.

‘फायटिक आम्ल लोह ओढून घेतं’

हा अर्धामुर्धा खरा दावा. फायटिक आम्ल म्हणजे दाण्याने साठवलेलं फॉस्फरस. ते आतड्यात लोह, जस्त, कॅल्शियम यांना धरून ठेवतं आणि तेवढं शोषण कमी होतं. पण ते त्याच जेवणातल्या खनिजांना धरतं. रक्तातून किंवा हाडांतून काही ओढून काढत नाही. शिवाय उकळल्याने फायटिक आम्ल फारसं जात नाही, त्यामुळे हा आक्षेप गरम शिजवलेल्या ओट्सनाही तितकाच लागू पडतो. मेसेजवाले शिजवून खा म्हणतात ते कशाच्या जोरावर, ते त्यांनाच ठाऊक.

गंमत अशी की भिजवण्याच्या समर्थकांनीही इथे एक गैरसमज जोपासला आहे: रात्रभर भिजवलं की फायटिक आम्ल ‘निघून जातं’. काही धान्यांत ते बऱ्यापैकी कमी होतं, कारण ते फोडणारं फायटेझ हे एन्झाइम त्या दाण्यातच असतं. ओट्समध्ये फायटेझ मुळातच कमी, जे असतं ते वाफेत बरंचसं संपतं, आणि उरलंसुरलं फ्रीजच्या गारठ्यात काय काम करणार? ओट्स भिजवायचे ते मऊ व्हावेत म्हणून. खनिजांची काळजी असेल तर सकाळी वर स्ट्रॉबेरी किंवा संत्र्याच्या फोडी घालाव्यात. क जीवनसत्त्वाने लोहाचं शोषण वाढतं. लोहाच्या गोळ्या चालू असतील तर त्या या नाश्त्यासोबत घेऊ नयेत. ओट्ससारखंच दूधही लोहाच्या आड येतं. दोन्हींत किती तास ठेवायचे ते डॉक्टरांना विचारावं.

‘थंड ओट्सने साखर भडकते’

उलट आहे. साखर किती वेगाने चढते हे पाकळीच्या जाडीवर आणि दाण्यावर किती प्रक्रिया झाली आहे त्यावर ठरतं. जाड पाकळीच्या ओट्सचा ग्लायसेमिक इंडेक्स, म्हणजे अन्नाने रक्तातली साखर किती चढते याचं माप, ५५ च्या आसपास धरतात, इन्स्टंटचा ७५ च्या वर जातो. ग्लायसेमिक इंडेक्सच्या कल्पनेशी सुरुवातीपासून जोडलेले संशोधक टॉमस वोलेव्हर आणि सहकाऱ्यांनी रात्रभर दुधात भिजवलेल्या ओट्सची तुलना तांदळाच्या शिजवलेल्या पेजेसारख्या नाश्त्याशी केली होती. त्यात ओट्सनंतर साखर कमी चढली.

साखर भडकवायची सोय आपण वरून करतो. दोन मोठे चमचे मध म्हणजे सुमारे ३४ ग्रॅम साखर. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, वरून घातलेली साखर दिवसाच्या ऊर्जेच्या १० टक्क्यांखाली ठेवा आणि जमल्यास ५ टक्क्यांखाली. हे ५ टक्के म्हणजे मोठ्या माणसाला जवळपास २५ ग्रॅम. नाश्त्यातच दिवसाचं गणित फसलं! त्यात फळांचं गोड दही आणि चॉकलेटचे तुकडे पडले, तर त्याला मिठाई म्हणावं, ओट्सना दोष देऊ नये.

‘फ्रीजमध्ये मृत होतात, लिंबू पिळून बाहेर ठेवा’

हा मेसेज फक्त चुकीचा नाही, घातक आहे, असं मी म्हणतो ते या एका ओळीमुळे.

वाफेने एन्झाइम मरतात, बहुतेक जंतू मरतात, पण सगळं निर्जंतुक होत नाही. बॅसिलस सेरिअस नावाचा जंतू धान्यात नेहमी सापडतो आणि त्याचे बीजाणू, म्हणजे कडक कवचातली सुप्त रूपं, वाफेलाही दाद देत नाहीत. कोरड्या पाकिटात ते निपचित पडून असतात. त्यांना दूध आणि ऊब द्या, की जागे होऊन वाढायला लागतात. ५ ते ६० अंशांच्या मधला पट्टा जंतूंच्या सोयीचा मानतात आणि दुधाचे पदार्थ त्यात दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नयेत असा सर्वसाधारण नियम आहे. मेसेज सांगतो रात्रभर, म्हणजे आठ-दहा तास. वर सकाळी गरम करून घेतलं की झालं, असंही नाही. या जंतूचं उलट्या घडवणारं विष उष्णतेला दाद देत नाही. उकळून जंतू मरतील, विष तिथेच राहील.

लिंबाचं काय? चार थेंबांनी बरणीभर दूध जंतूंना रोखण्याइतकं आंबट होत नाही, आणि तेवढं आंबट होईल इतकं पिळलं तर दूध फाटतं. ‘आंबवणं’ म्हणाल तर त्यासाठी भरपूर जिवंत विरजण लागतं, जे भराभर आम्ल तयार करून इतरांना जागा देत नाही. बरणी उघडी टाकून देणं म्हणजे आंबवणं नव्हे, जे येईल त्याला मोकळं रान देणं आहे.

आणि फ्रीजमध्ये ‘मृत’ काय होणार? जे एन्झाइम मरायचे ते कारखान्यातच मेले. थंडीने जंतूंची वाढ मंदावते, एवढंच. ४ अंश किंवा त्याखाली, स्वच्छ झाकणाच्या बरणीत, ओट्स तीन दिवस चांगले राहतात. गरोदर स्त्रिया, वयस्कर माणसं आणि प्रतिकारशक्ती कमी झालेले यांनी मात्र दुसऱ्याच सकाळी संपवावेत, कारण लिस्टेरिया हा जंतू फ्रीजच्या थंडीतही हळूहळू वाढतो. थंड खायला आवडत नसेल तर सकाळी बरणीतून काढून गरम करा. त्यात काही बिघडत नाही.

एका गोष्टीने मात्र लोक उगाच घाबरतात. ताजं किवी किंवा अननस रात्रीच दुधात घातलं तर सकाळी सगळं कडू लागतं आणि वाटतं, नासलं. नासलेलं नसतं. त्या फळांतली एन्झाइम रात्रभर दुधातली प्रथिनं तोडत बसतात आणि त्या तुकड्यांची चव कडवट असते. ही फळं खाताना घालावीत. बाकी आंबूस वास, बुडबुडे किंवा फुगलेलं झाकण दिसलं तर चव बघत बसू नका, टाकून द्या.

‘सोशल मीडियाचं फॅड’

बरणीचे फोटो नवे आहेत, पदार्थ नाही. झुरिकचे डॉक्टर मॅक्सिमिलियन बिर्खर-बेनर १९०० च्या सुमारास आपल्या रुग्णांना हेच देत होते: एक चमचा ओट्स तीन चमचे पाण्यात बारा तास भिजवलेले, त्यात सालासकट किसलेलं सफरचंद, लिंबाचा रस, सुकामेवा आणि आटवलेलं डब्यातलं दूध. ओट्स थोडे आणि सफरचंद जास्त, हे त्यांचं प्रमाण आजही घेण्यासारखं आहे.

ज्या दोन सावधगिऱ्या खरंच सांगायला हव्यात, त्या मेसेजमध्ये नाहीत. वर्षाच्या आतल्या बाळाच्या वाटीत मध घालू नये, बॉट्युलिझमचा, म्हणजे जंतूच्या विषाने स्नायू लुळे पडण्याचा, धोका असतो. आणि सीलिॲक आजार असलेल्यांनी, म्हणजे ज्यांच्या आतड्याला गहू-जवातलं ग्लुटेन हे प्रथिन सोसत नाही त्यांनी, साधे ओट्स घेऊ नयेत, कारण शेतात आणि गिरणीत त्यांत नकळत गहू आणि जव मिसळले जातात. पाकिटावर ग्लुटेन-फ्री असं प्रमाणित केलेलं हवं, म्हणजे दर दहा लाख भागांत ग्लुटेन २० भागांपेक्षा कमी. त्यातही थोड्या रुग्णांना ओट्समधलं ॲव्हेनिन हे प्रथिनच सोसत नाही. त्यांना भिजवलेले काय आणि उकळलेले काय, दोन्ही वर्ज्य.